रात्री अचानक भुंकल्यासारखा खोकला: लहान मुलाचं स्वरयंत्र सुजतं तेव्हा काय बघायचं, काय करायचं

संध्याकाळपर्यंत मूल बरं असतं. नाक जरा वाहतंय, आवाज किंचित घोगरा झालाय, पण वरणभात खाल्ला, खेळलं, झोपलं. मग रात्री बारा-एकच्या सुमाराला ते दचकून उठतं आणि असं खोकतं की घरातले दोघंही ताडकन उठून बसतात. कुत्र्याचं पिल्लू भुंकावं तसा पोकळ, खणखणीत खोकला. त्यामागोमाग रडणं, आणि रडताना श्वास आत घेतानाचा कर्कश, ओढल्यासारखा आवाज. नोकरीसाठी पुण्यात आलेलं जोडपं, पहिलं मूल, आजी नागपूरला नाहीतर लातूरला, सोसायटीत अजून कुणाशी धड ओळख नाही. फोनवर आजी एक सांगते, गूगल दुसरंच सांगतं आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर तिसरंच औषध येतं.

हा लेख त्या घरासाठी आहे, आणि शक्यतो त्या रात्रीच्या आधीच वाचून ठेवावा. डॉक्टर या आजाराला क्रूप म्हणतात. केसपेपरवर लॅरिंजायटिस (स्वरयंत्राची सूज) किंवा एएलटीबी (स्वरयंत्रापासून श्वासनलिकांपर्यंतची सूज) असं लिहिलेलं दिसेल. बहुतेक मुलांना तो दोन-तीन रात्री त्रास देतो आणि जातो. थोड्या मुलांत मात्र श्वासाची वाट खरोखरच अरुंद होते. आपलं मूल यातलं कुठलं, हे खोकल्याच्या आवाजावरून कळत नाही. मूल शांत असताना श्वास कसा घेतंय, त्यावरून कळतं. पुढे जे काही सांगितलंय ते याच एका गोष्टीभोवती आहे.

घशात नेमकं काय होतं

स्वरयंत्र म्हणजे श्वासनलिकेच्या तोंडाशी असलेली कूर्चांची पेटी. तिच्यात स्वरतंतू असतात. ते सुजले की आवाज बसतो. तेवढ्यावर भागलं तर काळजीचं कारण नाही. अडचण असते ती स्वरतंतूंच्या लगेच खाली. तिथे कूर्चेचं एक पूर्ण गोल कडं आहे. त्याखाली श्वासनलिकेतल्या कड्या मागच्या बाजूने उघड्या असतात, त्यांना थोडं ताणायला वाव असतो. या कड्याला तो नाही. त्यामुळे आतलं अस्तर सुजलं की सूज बाहेर पसरू शकत नाही, ती आतच येते.

किती फरक पडतो ते आकड्यांत बघा. तान्ह्या मुलात ही वाट साधारण ४ मिलिमीटर रुंद धरली आणि चहूबाजूंनी १ मिलिमीटर सूज आली, तर उरतात २ मिलिमीटर. जागा पाव झाली. हवेला होणारा अडथळा मात्र सोळापट वाढतो, कारण तो वाट अरुंद होण्याच्या चौथ्या घाताने वाढतो. मोठ्या माणसाची वाट ८ मिलिमीटर धरली तर तेवढ्याच सुजेनं ६ उरतात आणि अडथळा तिपटीच्या आसपास जातो. म्हणून एकाच घरात एकच विषाणू बाबांचा नुसता आवाज बसवतो, ते ऑफिसच्या कॉलवर म्यूट राहून दोन दिवस काढतात, आणि दीड वर्षाच्या मुलीला तोच विषाणू श्वासासाठी झगडायला लावतो.

लहान मुलांत त्या जागचं अस्तर सैलही असतं आणि त्यात रक्तवाहिन्या भरपूर, म्हणून सूज तासा-दोन तासांत चढू शकते. त्यात चिकट स्राव साठतो, कधी स्नायू आखडतात. आणि मूल रडलं की श्वास जोरात आत ओढला जातो, त्या ओढीनं मऊ भिंती आणखी जवळ येतात. रडल्यामुळे त्रास वाढतो आणि त्रासामुळे रडणं. या आजारात मुलाला शांत ठेवणं हा उपचाराचाच भाग आहे, तो का हे इथे कळावं.

कारणं: काय आहे आणि काय नाही

मुख्य आरोपी पॅराइन्फ्लुएन्झा नावाचे विषाणू, त्यातही प्रकार १. अमेरिकेत रॉबर्ट चॅनॉक यांनी १९५६ साली क्रूप झालेल्या बाळांमध्ये या घराण्यातला विषाणू शोधला, तेव्हापासून हे नातं पक्कं आहे. त्याखेरीज इन्फ्लुएन्झा, आरएसव्ही, अ‍ॅडेनोव्हायरस, साध्या सर्दीचे ऱ्हायनोव्हायरस हेही हेच करतात. करोनाच्या ओमायक्रॉन लाटेत जगभरच्या बालरोग विभागांत क्रूपची मुलं वाढलेली दिसली. गोवरातही स्वरयंत्र सुजतं, आणि गोवरातलं क्रूप हलक्यात घ्यायचं नसतं.

साधारण सहा महिने ते तीन वर्षं हे त्याचं वय, दुसऱ्या वर्षात सगळ्यात जास्त. मुलींपेक्षा मुलग्यांत थोडं अधिक. विषाणू शिंकेतून, खोकल्यातून, शेंबडाच्या हातातून आणि पाळणाघरातल्या सामाईक खेळण्यांतून येतो. शरीरात शिरल्यापासून सर्दी दिसेपर्यंत पॅराइन्फ्लुएन्झाला दोन ते सहा दिवस लागतात. म्हणजे शनिवारी रात्री मूल खोकायला लागलं तर शनिवारी दुपारी कुठे नेलं होतं याचा पंचनामा व्यर्थ आहे.

आता आपल्याकडच्या नेहमीच्या संशयितांकडे. दही, केळं, आइस्क्रीम, फ्रिजचं पाणी, डोक्यावरून आंघोळ, कानटोपी न घालता गणपती बघायला नेणं. यातल्या कशानेही विषाणू तयार होत नाही. गणपतीच्या गर्दीत दहा मुलांच्या शिंका अंगावर आल्या असतील तर ते कारण. गार वारा नव्हे. पुण्याच्या हिवाळ्यात दुपारी २८-३० अंश आणि पहाटे १०-१२ अशी उडी असते, म्हणून दोष थंडीला देणं सोपं जातं. पण थंडीत आपण खिडक्या लावून घेतो, चार जण एकाच खोलीत झोपतो, आणि विषाणूला तेच सोयीचं पडतं. आई नोकरीला जाते आणि मूल पाळणाघरात जातं म्हणून असं होतं, असं ऐकवणारे नातेवाईकही भेटतील. पाळणाघरात संसर्ग लवकर होतात, एवढं खरं. पण घरी ठेवलेल्या मुलाला ते बालवाडीत गेल्यावर होतात.

धुराबद्दल मात्र मी ठाम आहे. सिगारेट, डासांची कॉइल, उदबत्ती, बाळाला आंघोळीनंतर दिली जाणारी ओव्याची किंवा लोबानची धुरी: यांनी आधीच सुजलेल्या अस्तराला आणखी त्रास होतो. आजीला दुखवायचं नसेल तर डॉक्टरांनी मनाई केली आहे असं सांगा. डॉक्टरांवर ढकललेली गोष्ट आपल्याकडे चटकन मान्य होते.

काही मुलांत ताप नसतो, सर्दीही नावापुरती असते, आणि तरी रात्री असाच झटका येतो, पहाटे ओसरतो, दुसऱ्या रात्री पुन्हा. वर्षातून चार-पाच वेळा. यामागे ॲलर्जीचा कल किंवा पोटातलं आम्ल वर येणं असू शकतं. त्या एका रात्रीचं निरीक्षण आणि उपाय तेच. वारंवार होतंय म्हणून वेगळी तपासणी मात्र करून घ्यावी लागते.

आजार कसा चढतो आणि उतरतो

पहिले एक-दोन दिवस साधी सर्दी. नाक वाहणं, बारीक ताप, कधी १०२-१०३ फॅरनहाइटपर्यंतही. मग आवाज घोगरा होतो, रडण्याचा सूर बदलतो. हा टप्पा ओळखता आला तर रात्रीची तयारी करता येते. त्या रात्री किंवा पुढच्या रात्री भुंकणारा खोकला सुरू होतो. दुसरी-तिसरी रात्र सहसा सगळ्यात वाईट. बऱ्याच मुलांत तो विशिष्ट खोकला दोन दिवसांत जातो, आणि आठवड्याभरात सगळंच निवळतं. शेवटी काही दिवस ओला, साध्या सर्दीसारखा खोकला राहतो.

रात्रीच का? आडवं झाल्यावर नाक-घशातला स्राव साठतो, चोंदलेल्या नाकामुळे तोंडाने कोरडी हवा जाते, आणि शरीरातलं सूज आवरणारं स्वतःचं कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या सुमाराला सगळ्यात कमी असतं. त्यामुळे सकाळी मूल पुन्हा बागडायला लागतं आणि आई-बाबा डॉक्टरांची अपॉइंटमेंट रद्द करतात. तसं करू नका. रात्र पुन्हा येणार असते, आणि दिवसा घेतलेल्या एका डोसामुळे ती निभू शकते.

मध्यरात्रीची तपासणी

पहिली पायरी: मुलाला उचला आणि मांडीवर सरळ बसवा. आडवं ठेवू नका. दिवा पुरेसा लावा, कारण ओठांचा रंग दिसायला हवा. मोबाइलच्या टॉर्चने घशात बघायला जाऊ नका. चमचा, बोट, काहीच तोंडात घालायचं नाही. घसा बघून तुम्हाला काही कळणार नाही आणि मूल घाबरून रडेल.

दुसरी पायरी: शांत करा. आई घरी असेल तर छातीशी, दूध पीत असेल तर पाजा. आवडतं गाणं, आवडतं कार्टून. स्क्रीनचे नियम त्या रात्री माळ्यावर. पाच-सात मिनिटं द्या. घरातल्या एकाने मुलाकडे आणि दुसऱ्याने फोनकडे बघायचं, दोघांनी मुलाभोवती येरझाऱ्या घालायच्या नाहीत.

तिसरी पायरी, आणि हीच महत्त्वाची: अंगातला शर्ट वर करून पूर्ण एक मिनिट नुसतं बघा. मूल शांत आहे, रडत नाही, खोकत नाही, अशा वेळी. श्वास आत घेताना घर्र किंवा कर्कश आवाज येतोय का? गळ्याच्या खालचा खळगा आत जातोय का? बरगड्यांमधली आणि बरगड्यांखालची कातडी आत ओढली जातेय का? आपण ज्याला पोट उडणं म्हणतो, ते होतंय का? श्वास मोजायचा असेल तर पूर्ण साठ सेकंद मोजा. शांत असताना दोन महिने ते एक वर्षाच्या बाळात मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद. पण क्रूपमध्ये आकड्यापेक्षा आवाज आणि ओढ यांना महत्त्व अधिक.

आवाज कधी येतो याकडेही लक्ष द्या. श्वास आत घेताना आवाज म्हणजे अडथळा वर, गळ्यात. बाहेर सोडताना शिट्टीसारखा आवाज म्हणजे बहुधा खाली, छातीत. ते दम्यासारखं प्रकरण, त्याचे उपाय वेगळे.

चौथी पायरी: वीस-तीस सेकंदांचा व्हिडिओ घ्या, छाती आणि गळा दिसेल असा, आवाजासकट. तुम्ही हॉस्पिटलात पोचेपर्यंत मूल अर्धं बरं झालेलं असतं आणि डॉक्टरांना काही ऐकूच येत नाही, हे फार वेळा घडतं. त्या व्हिडिओने दहा प्रश्न वाचतात.

मग निर्णय. खोकला भुंकल्यासारखा आहे, रडताना कर्कश आवाज येतो पण शांत झाल्यावर थांबतो, कातडी आत ओढली जात नाही, मूल पाणी पितंय, तुमच्याकडे बघून हसतंय: रात्र घरी काढता येईल, सकाळी डॉक्टर. शांत असतानाही आवाज येतोय किंवा गळा-बरगड्या आत जाताहेत: सकाळची वाट बघू नका, आत्ताच निघा. मूल सहा महिन्यांपेक्षा लहान असेल, किंवा जन्मानंतर एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) त्याच्या घशात व्हेंटिलेटरची नळी राहिली असेल, तर सौम्य वाटलं तरी त्याच रात्री दाखवा.

आणि तिसरा प्रकार, ज्यात १०८ लावायचा: ओठ किंवा जीभ निळसर-करडी, मूल अतिशय अस्वस्थ किंवा उलट सुस्त, मलूल, हाक मारली तर बघत नाही, लाळ गळतेय आणि गिळता येत नाही, श्वास मध्येच थांबल्यासारखा. इथे एक फसवी गोष्ट सांगायला हवी. खूप त्रासात असलेल्या मुलाचा कर्कश आवाज अचानक कमी झाला आणि मूल गुंगलं, तर ते बरं होणं नाही. ते थकलंय, आत जाणारी हवा इतकी कमी झाली आहे की आवाजही उमटत नाही. आवाज कमी झाला पण मूल खेळायला लागलं, तर ठीक. आवाज कमी झाला आणि मूलही विझलं, तर धावा.

घरातला ऑक्सिमीटर करोनापासून प्रत्येकाच्या ड्रॉवरमध्ये आहे. त्यावर ९७ दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. क्रूपमध्ये ऑक्सिजन उशिरा घसरतो, तोवर मूल जोर लावून तो टिकवत असतं. शिवाय मोठ्यांचं यंत्र चिमुकल्या बोटावर भलतेच आकडे दाखवतं.

घरी काय करता येतं

जानेवारीतली रात्र असेल तर मुलाला शालीत गुंडाळून गॅलरीत घेऊन बसा. गार हवेनं सुजलेल्या रक्तवाहिन्या आकसतात. आधी हा नुसता अनुभव होता. जिनिव्हातल्या एका अभ्यासात, जो २०२३ साली प्रसिद्ध झाला, हलक्या आणि मध्यम क्रूपच्या मुलांना औषधाबरोबर अर्धा तास बाहेरच्या गार हवेत ठेवल्यावर आराम लवकर पडलेला दिसला. तिथली हवा १० अंशांच्या खाली होती, म्हणून मे महिन्यात कोथरूडच्या गॅलरीकडून फार अपेक्षा नको. आणि गंभीर मुलाला गॅलरीत बसवून वेळ घालवायचा नाही.

ताप असेल, अंग दुखून मूल चिडचिडं झालं असेल तर पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे: दर किलोला १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत निदान चार ते सहा तासांचं अंतर. घोटाळा होतो तो बाटलीत. थेंबांच्या बाटलीत १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतं, सिरपमध्ये ५ मिलिलिटरमध्ये १२५ किंवा २५०. म्हणजे १० किलोच्या मुलाला लागणारे १५० मिलिग्रॅम हे थेंबांत दीड मिलिलिटर, साध्या सिरपमध्ये सहा आणि दुप्पट ताकदीच्या सिरपमध्ये तीन. झोपेत डोळे चोळत बाटली उचलताना लेबल वाचा. ॲस्पिरिन मुलांना नाही. पावसाळ्यात आणि त्यानंतर पुण्यात डेंग्यूचे दिवस असतात, म्हणून डॉक्टरांना न विचारता आयबुप्रोफेनही नको.

घोट-घोट पाणी, दूध, पेज, वरणाचं पाणी, जे जाईल ते. खाण्याचा आग्रह नको. नाकात सलाइनचे थेंब टाकले तर चोंदलेलं नाक मोकळं होतं, पण त्यासाठी मुलाला धरून रडवायचं नाही.

आता टाळायच्या गोष्टी. वाफारा: क्रूपमध्ये दमट हवेचा फायदा चाचण्यांत दिसलेला नाही, आणि गरम पाण्याचं पातेलं सांडून भाजलेली मुलं मात्र दवाखान्यात येतात. कफ सिरप: सर्दी-खोकल्याच्या औषधांनी स्वरयंत्राची सूज उतरत नाही. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं देशाच्या औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरमध्ये लेबलवर छापायला लावलं. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात दूषित कफ सिरपमुळे मुलं दगावली, त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याने दोन वर्षांखाली ही औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखाली साधारणपणे टाळावीत असं कळवलं. मध: वर्षाच्या आत अजिबात नाही. वर्षानंतर अर्धा चमचा चाटवला तर चालेल, पण त्याने श्वासाची वाट रुंद होणार नाही.

घरचा नेब्युलायझर आणि मागच्या वेळची सालब्युटामॉलची रेस्प्यूल हा पुण्यातल्या घराघरांत दिसणारा प्रकार. ते औषध खालच्या नळ्यांच्या आखडलेल्या स्नायूंवर काम करतं. स्वरतंतूंखालच्या सुजेवर नाही. त्यानं मुलाची छाती धडधडते आणि आई-बाबांना काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. शिल्लक राहिलेलं अँटिबायोटिक तर नकोच, कारण मामला विषाणूचा आहे.

हॉस्पिटल: आधी ठरवून ठेवा

नव्या शहरात हे काम दिवसाउजेडी, मूल ठणठणीत असताना करायचं. घराजवळच्या दोन हॉस्पिटलांना फोन करून विचारा: रात्री बालरोगतज्ज्ञ प्रत्यक्ष असतात की बोलावल्यावर येतात? मुलांचा अतिदक्षता विभाग आहे का? बोर्डावर चोवीस तास लिहिलेलं असतं, तिथे रात्री मुलांचे डॉक्टर असतीलच असं नाही. पुणे स्टेशनजवळचं ससून, पिंपरीतलं महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, रास्ता पेठेतलं केईएम, धनकवडीचं भारती हॉस्पिटल इथे मुलांचे स्वतंत्र विभाग आहेत. वाकड, बाणेर, खराडी भागात खासगी हॉस्पिटलं बरीच झाली आहेत, पण वरचे दोन प्रश्न सगळीकडे विचारा. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि मोफत आहे. पत्ता सांगताना सोसायटीचं नाव, जवळची खूण आणि कुठलं गेट रात्री उघडं असतं ते सांगा. वॉचमनला खाली उभं करा.

रिक्षाने किंवा गाडीने जात असाल तर मूल सरळ बसलेलं हवं, काच थोडी उघडी. दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका. मधे त्याचा श्वास बिघडला तर कळणारही नाही.

तिथे काय होईल? चांगला डॉक्टर मुलाला तुमच्या मांडीवरून हलवणार नाही. लांबून बघेल, ऐकेल, मग हात लावेल. बहुतेक मुलांना रक्त तपासणीही लागत नाही आणि एक्स-रेही. औषध एकच महत्त्वाचं: डेक्सामेथासोन, किलोला ०.१५ ते ०.६ मिलिग्रॅम, बहुधा एकच डोस, तोंडाने. उलटी होत असेल तर इंजेक्शन, किंवा नेब्युलायझरमधून ब्युडेसोनाइड. तोंडाने घेतलेलं औषध इंजेक्शनइतकंच काम करतं, तेव्हा सुई टोचा असा आग्रह धरू नका. साधारण दोन तासांत फरक दिसू लागतो आणि परिणाम दोन-तीन दिवस टिकतो, म्हणजे नेमक्या वाईट रात्रींपुरता.

स्टेरॉइड म्हटलं की आई-बाबांचे चेहरे उतरतात. वाढ खुंटेल, प्रतिकारशक्ती जाईल, सवय लागेल. हे प्रश्न महिनोन्‌महिने चालणाऱ्या गोळ्यांबद्दल रास्त आहेत. क्रूपमधल्या एका डोसाने यातलं काही होत नाही, आणि तो डोस नाकारल्याने मूल दुसऱ्या रात्री पुन्हा हॉस्पिटलात येण्याची शक्यता वाढते. मात्र तेच औषध घरी आणून पुढच्या सर्दीत आपल्या मनाने देणं, हा वेगळा आणि वाईट प्रकार.

श्वास जास्त ओढला जात असेल तर अ‍ॅड्रिनलिनचं नेब्युलायझेशन देतात. दहा-वीस मिनिटांत मूल बदलतं, आई-बाबा घरी जायची घाई करतात. थांबा. त्याचा असर दोनेक तासांत उतरतो आणि सूज परत जाणवू शकते, म्हणून दोन ते चार तास डोळ्यांसमोर ठेवतात. तोवर डेक्सामेथासोन काम करायला लागलेलं असतं. भरती करावी लागणारी मुलं थोडी, आणि घशात नळी घालावी लागणारी अगदी विरळा.

निघताना कागदावर मुलाचं वजन, दिलेलं औषध, डोस आणि वेळ लिहून घ्या. पुढच्या रात्री दुसऱ्याच डॉक्टरांसमोर बसायची पाळी आली तर उपयोग होतो.

क्रूप नसतानाही तसंच वाटतं

काही आजार असेच सुरू होतात आणि त्यांना उशीर परवडत नाही.

खेळता-खेळता किंवा खाताना अचानक ठसका, घुसमट, ना सर्दी ना ताप: श्वासनलिकेत काहीतरी गेलंय असं धरा. शेंगदाणा, फुटाणा, चुरमुऱ्यातली डाळ, खेळण्याचा तुकडा. नंतर मूल शांत झालं तरी दाखवायचंच, आत गेलेला दाणा तिथेच फुगत राहतो. चार वर्षांपर्यंत अख्खे शेंगदाणे हाती देऊ नयेत, मग भेळ कितीही घरची असो.

खूप ताप, आजारी दिसणारं मूल, लाळ गळतेय, गिळता येत नाही, मान पुढे काढून बसलंय, आणि खोकला मात्र फारसा नाही: हे स्वरयंत्रावरच्या झाकणाची सूज असू शकते. हिब जिवाणूविरुद्धची लस पेंटाव्हॅलंट या पाच आजारांच्या एकत्रित लशीत आल्यापासून ती कमी झाली, संपली नाही. घशात करडा-पांढरा पडदा, मान सुजलेली, तर घटसर्प. पुण्यासारख्या शहरातही लसी अर्धवट राहिलेली मुलं असतात, विशेषतः शहर बदलताना. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे पेंटाव्हॅलंटचे डोस, मग १६ ते २४ महिन्यांत आणि पाच-सहा वर्षांत त्रिगुणीचे बूस्टर झालेत का, कार्ड काढून बघा. राहिले असतील तर महापालिकेच्या दवाखान्यात मोफत मिळतात. गोवर-रुबेलाचे दोन डोसही त्यातच तपासा.

क्रूपचं मूल तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरं व्हायच्या ऐवजी एकदम जास्त आजारी झालं, ताप चढला, औषधाने फरक पडेना, तर वर जिवाणूंचा संसर्ग झालेला असू शकतो, परत न्या. अंगावर गांधी, ओठ-पापण्या सुजलेल्या आणि सोबत कर्कश श्वास म्हणजे ॲलर्जी, तीही तातडीची. आणि डांग्या खोकला वेगळा: त्यात आवाज बसत नाही, खोकल्याच्या लांबलचक उबळी येतात, उबळीनंतर ओकारी, आणि ते आठवडेच्या आठवडे चालतं.

नंतरचे दिवस

ताप जाऊन चोवीस तास झाले, मूल खातंय-खेळतंय, की पाळणाघरात पाठवायला हरकत नाही. थोडा खोकला राहिला म्हणून पंधरा दिवस कोंडून ठेवायची गरज नाही. पाळणाघराच्या ताईंना मात्र सांगा: काय झालं होतं, काय बघायचं, फोन कधी करायचा. वर दिलेली तिसरी पायरी त्यांनाही पाठवून द्या. दादा-ताईला तोच विषाणू लागला तर नुसती सर्दी होईल. घरात तान्हं बाळ असेल तर त्याला त्यांच्यापासून जरा लांब ठेवा आणि सगळ्यांनीच साबणाने हात धुवा.

आवाज दोन आठवड्यांनंतरही घोगराच राहिला, वर्षात तीन-चार वेळा असे झटके आले, सहा महिन्यांच्या आत पहिला झटका आला, किंवा झटके नसतानाही झोपेत श्वासाचा आवाज येत राहिला, तर बालरोगतज्ज्ञांकडून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे चिठ्ठी घ्या. जन्मतः मऊ स्वरयंत्र, जुन्या नळीमुळे अरुंद झालेली जागा, रक्तवाहिन्यांची गाठ, स्वरतंतूंवरचे मस्से यांतलं काही आहे का, ते बारीक लवचीक दुर्बिणीने बघतात. स्वरतंतूंपर्यंतची, नाकातून जाणारी तपासणी बहुतेक वेळा भूल न देता, मुलाला आई किंवा बाबांच्या मांडीवर बसवूनच होते; त्याखालची जागा नीट बघायची तर भूल द्यावी लागते. जाताना झटक्यांच्या तारखा आणि ते व्हिडिओ सोबत न्या.